इंजिनचा दिवा विझला, दोष गेला का?

प्रश्न : मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. रविवारी आम्ही मित्र गाड्या घेऊन बिदरच्या किल्ल्यापाशी जमतो. इंजिनचा दिवा लागला की ओबीडी स्कॅनर लावून मी ॲपवरून बिघाडाचा कोड पुसतो आणि गाडी ठीक होते. आता ईसीयूचं, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाचं, सॉफ्टवेअरही बदलू का? – एक वाचक, भालकी

उत्तर : तुमची हौस चांगली आहे, जरूर जोपासा. पण कोड पुसल्याने फक्त दिवा विझतो, दोष तसाच राहतो. शिवाय बिघाडाच्या क्षणी ईसीयूने टिपलेली इंजिनची गती, तापमान अशी नोंदही पुसली जाते. मेकॅनिकला नेमकी तीच हवी असते. म्हणून पुसण्याआधी स्क्रीनचा फोटो घ्या. पी०३०० हा कोड दिसला तर मिसफायर आहे. स्पार्क प्लग आणि कॉइल तपासून घ्या. दिवा लुकलुकत असेल तर हुमनाबादच्या हायवेवर गाडी मुळीच दामटू नका, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो आणि तो फार महाग पडतो. गाडी उभी असताना स्कॅनर काढून ठेवा, बॅटरी उतरते.

कोड वाचण्यात धोका नाही, बिनधास्त वाचा. ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलण्याचं मात्र वेगळं आहे. वॉरंटी जाऊ शकते, धूर वाढला तर पीयूसी चाचणीत अडकाल. कंपनीचं अपडेट आलं असेल तर ते अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच टाकून घ्या.