परवाना सरकारचा, संमती लोकांची : सिंगूरचा धडा



मंदी आली किंवा उधारी बुडाली म्हणजे धंदा बसतो, असे आपण समजतो. परंतु माणसांशी संबंध बिघडल्यामुळेही चांगला चाललेला धंदा बसतो. आपण नवी जागा घेतो, परवाना काढतो, यंत्रे बसवितो आणि सारे पार पडले असे मानतो. मग एके दिवशी शेजारी आवाजाची तक्रार करतात, कारागीर हिशेबावरून काम थांबवितात आणि एखादा पुढारी ते भांडण उचलून धरतो. परवाना खिशात असूनही कारखान्याला कुलूप लावण्याची वेळ येते.

ज्यांच्या रोजीवर आपल्या धंद्याचा बरावाईट परिणाम होतो, त्यांना व्यवस्थापनशास्त्रात 'हितसंबंधी' म्हणतात. कामगार, गिऱ्हाईक, माल पुरविणारे, बँक, शेजारी आणि सरकार हे सर्व त्यात येतात. यांपैकी एकाला राजी करून बाकीच्यांना वगळले तर काय होते, हे पाहण्यासाठी आम्ही एका मोठ्या कंपनीचे उदाहरण घेत आहोत.

मे २००६ मध्ये टाटा मोटर्सने पश्चिम बंगालच्या हुगळी जिल्ह्यातील सिंगूर येथे एक लाख रुपयांच्या मोटारीचा कारखाना उभारण्याचे जाहीर केले. कंपनीचा करार राज्य सरकारशी होता. सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली ९९७ एकर जमीन घेतली. पुष्कळ शेतकऱ्यांनी मोबदला उचलला, पुष्कळांनी नाकारला. मोबदल्यात वाटा होता तो जमीनमालकाचा आणि नोंद असलेल्या बटाईदाराचा. ज्या बटाईदारांची नोंद नव्हती ते आणि शेतमजूर त्यातून सुटले. रोजी त्यांचीही गेली, पण कागदावर त्यांचे नाव नव्हते.

हा असंतोष राजकारणात उतरण्यास वेळ लागला नाही. तेव्हा विरोधी पक्षात असलेल्या ममता बॅनर्जी यांनी डिसेंबर २००६ मध्ये २५ दिवस उपोषण केले. ऑगस्ट २००८ मध्ये त्यांनी कारखान्याजवळच्या महामार्गावर धरणे धरले. नाराज शेतकऱ्यांची सुमारे ४०० एकर जमीन परत करा, ही त्यांची मागणी होती. सुटे भाग पुरविणारे कारखाने मुख्य कारखान्याला लागूनच हवेत, असे कंपनीचे म्हणणे होते. राज्यपाल गोपालकृष्ण गांधी यांनी सप्टेंबरात मध्यस्थी केली. समझोताही जाहीर झाला, पण त्याचा अर्थ दोन्ही बाजूंनी वेगवेगळा लावला. अखेर ३ ऑक्टोबर २००८ रोजी रतन टाटा यांनी सिंगूर सोडत असल्याचे सांगितले. चारच दिवसांनी गुजरातमधील साणंद येथे कारखाना नेण्याचे ठरले. तेथे सरकारच्या ताब्यात असलेली जमीन मिळाली.

२०११ मध्ये पश्चिम बंगालात सत्तापालट झाला. ऑगस्ट २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिंगूरचे भूसंपादन रद्द ठरवून जमीन शेतकऱ्यांना परत देण्याचा आदेश दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये लवादाने राज्याच्या औद्योगिक महामंडळाने कंपनीला सुमारे ७६६ कोटी रुपये व त्यावरील व्याज द्यावे असा निर्णय दिला. म्हणजे कंपनीची दोन वर्षे गेली, राज्याचा कारखाना गेला आणि शेतकऱ्याला दहा वर्षांनी जी जमीन मिळाली, तिच्या काही भागात काँक्रीट ओतलेले होते. सुटे भाग पुरविण्यासाठी तेथे गेलेल्या लहान कारखानदारांनाही बिऱ्हाड हलवावे लागले.

आपला कारखाना दहा कारागिरांचा असला तरी यातून तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत.

पहिली, बयाणा देण्याआधी आपल्या कामाचा फरक कोणाकोणाला पडेल, त्यांची नावे वहीत लिहा. ज्याचे नाव भाडेपट्टीत किंवा हजेरीत नाही, पण ज्याची रोजी त्या जागेवर अवलंबून आहे, त्याचे नाव आधी लिहा. दारात बसणारा फेरीवाला, घरी बसून तुकड्यावर काम करणारी बाई, हमाल, अशा लोकांशी आधी बोलणे फुकटात होते. नंतर बोलणे फार महाग पडते.

दुसरी, धंदा एकाच पक्षाच्या किंवा पुढाऱ्याच्या आधाराने उभा करू नका. त्याची खुर्ची गेली की आपला आधारही जातो. नगरपालिकेकडे किंवा सरकारकडे काही मागायचे असेल तर व्यापारी संघटनेमार्फत, लेखी आणि नियमाला धरून मागा.

तिसरी, समझोता झाला तर त्यातील प्रत्येक शब्द दोन्ही बाजूंना सारखाच समजला आहे ना, हे पाहून सह्या करा. किती मजुरी, कोणत्या तारखेपासून, खराब माल कोणाच्या माथी, हे कागदावर हवे. 'बघू नंतर' हा समझोता नव्हे.

भांडण सुरू होते तेव्हा ते बहुधा पैशाचे असते. ते लांबले की मानाचे होते, आणि मग पैशाने मिटत नाही. म्हणून ज्या दिवशी कारागीर किंवा शेजारी तक्रार घेऊन आपल्या दारी येतो, त्याच दिवशी त्याला बसवून घ्या व त्याचे ऐका. तो आपल्याकडे आला आहे, अजून पुढाऱ्याकडे गेलेला नाही, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.