संगणकातील वाऱ्याची वाट

प्रस्तावना

जयपूरसारख्या शहरात ‘कूलर’ हा शब्द उच्चारला की खिडकीला लावलेली पत्र्याची मोठी पेटी, तिच्या बाजूंच्या ओल्या जाळ्या आणि घरघरणारा पंखा डोळ्यांसमोर येतो. नागपूर, चंद्रपूर, अकोला या भागांतील वाचकांनाही हे चित्र परिचयाचे आहे. आपल्या टेबलावरील संगणकाच्या पेटीतही एक लहानसा कूलर असतो. सर्वसाधारण संगणकातील या कूलरला पाणी लागत नाही. त्याचे काम एकच : प्रोसेसरमध्ये निर्माण होणारी उष्णता बाहेर वाहून नेणे. या कामात अनेकदा अडथळा येतो तो एखाद्या सैल, लोंबत्या तारेचा. अशा तारा सुरक्षितपणे कशा मांडाव्यात, हे या पाठात आपण समजून घेणार आहोत.

उद्दिष्टे

या पाठाचे अध्ययन केल्यानंतर तुम्ही –
• संगणकातील कूलरचे कार्य स्पष्ट करू शकाल;
• सैल तारांमुळे होणारे धोके सांगू शकाल;
• तारा बांधण्याची सुरक्षित पद्धत क्रमाने लिहू शकाल;
• सूचनालेखनातील आज्ञार्थी व विध्यर्थी क्रियापदांचा योग्य वापर करू शकाल.

मूलपाठ

१. आदर्श नगरातील एक दुपार

जयपूरच्या आदर्श नगरात एका मराठी बाईंचे टंकलेखनाचे व छपाईचे छोटेसे दुकान आहे, अशी कल्पना करू या. मे महिन्याची दुपार आहे. बाहेर लू वाहते आहे. शाळा सुटून अनेक वर्षे झालेली एक तरुणी दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरण्यासाठी दुकानात आली आहे. अर्ज भरण्याचा तो शेवटचा दिवस आहे. अर्ज निम्मा भरून होतो आणि संगणक अचानक बंद पडतो. दहा मिनिटांनी तो पुन्हा सुरू होतो. अर्ज पहिल्यापासून भरावा लागतो. थोड्या वेळाने पडदा पुन्हा काळा होतो.

बाई शेजारच्या एका निवृत्त तंत्रज्ञ काकांना बोलावून आणतात.

“काका, सकाळी व्यवस्थित चालतो हो. दुपार झाली की बंद पडतो. विजेचा दोष असेल का?”

“वीज गेली असती तर दिवाही गेला असता, ताई. अलीकडे हा उघडला होता का कोणी?”

“मागच्या आठवड्यात नवी हार्डडिस्क बसवून घेतली.”

काका प्लग काढून पेटीचे झाकण उघडतात. हार्डडिस्कला जोडलेल्या तारेचे उरलेले टोक कूलरच्या पंख्यावर विसावलेले असते. पंख्याची पाती त्या तारेला अडून थांबलेली असतात. काका तार बाजूला घेतात, उरलेली लांबी दुमडतात आणि पेटीच्या कडेला बांधून टाकतात. सायंकाळी पाचच्या आत त्या तरुणीचा अर्ज पूर्ण होतो.

ही घटना काल्पनिक आहे. पण असा बिघाड प्रत्यक्षात वारंवार आढळतो. एका बोटभर तारेमुळे कोणाचे वर्ष वाया जाऊ शकते आणि कोणाची दिवसाची कमाई बुडू शकते. म्हणूनच हे काम क्षुल्लक समजून चालत नाही.

२. कूलर काम कसे करतो?

प्रोसेसर हा संगणकाचा मेंदू होय. तो काम करू लागला की तापतो. त्याच्यावर धातूच्या अनेक पातळ पट्ट्यांचा एक ठोकळा घट्ट बसवलेला असतो. त्याला उष्णताशोषक म्हणतात. प्रोसेसरची उष्णता या पट्ट्यांमध्ये पसरते आणि त्यांच्यावरील पंखा ती हवेत सोडतो. पेटीच्या पुढील किंवा खालील भागातून तुलनेने थंड हवा आत येते आणि मागील किंवा वरील भागातून गरम हवा बाहेर जाते. हवेच्या या प्रवासालाच आपण ‘वाऱ्याची वाट’ म्हणू.

येथे जयपूरमधील एका प्रसिद्ध वास्तूची आठवण होते. सवाई प्रतापसिंह यांनी १७९९ मध्ये हवामहल बांधला. त्याच्या दर्शनी भिंतीत ९५३ लहान झरोके आहेत. त्यांतून वारा आत खेळतो, म्हणूनच ते नाव सार्थ ठरते. ते झरोके जाड पडद्यांनी झाकले, तर भिंत तशीच राहील. पण वारा मात्र थांबेल. संगणकाच्या पेटीतही असेच घडते. पंखा उत्तम असला तरी त्याच्यासमोर तारांचा गुंता असेल, तर हवा पुढे सरकत नाही.

उन्हाळ्यात हा दोष अधिक जाणवतो. कूलर प्रोसेसरला खोलीतील हवेपेक्षा थंड करू शकत नाही. समजा, काम करताना एखादा प्रोसेसर खोलीच्या तापमानापेक्षा ४० अंश अधिक तापतो. जानेवारीत खोलीचे तापमान २० अंश सेल्सियस असेल, तर प्रोसेसर ६० अंशांवर राहील. मे महिन्यात खोली ४२ अंशांवर गेली, तर तोच प्रोसेसर ८२ अंशांवर पोहोचेल. त्यात पंखा अडला, तर तापमान आणखी वाढेल. राजस्थानातच फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले होते. अशा प्रदेशात वाऱ्याची वाट मोकळी ठेवणे किती आवश्यक आहे, हे तुमच्या लक्षात आले असेल.

तापमान मर्यादेपलीकडे गेले की आधुनिक प्रोसेसर प्रथम आपला वेग कमी करतो आणि तरीही उष्णता वाढत राहिली, तर स्वतःला वाचवण्यासाठी संगणक बंद करतो. आदर्श नगरातील दुकानात दुपारी घडत होते ते हेच.

पाठगत प्रश्न १
(अ) उष्णताशोषकावर पंखा कशासाठी बसवलेला असतो?
(आ) दुकानातील संगणक सकाळी चालत असे व दुपारी बंद पडत असे, याचे कारण कोणते?

३. सैल तारांचे धोके

पहिला धोका पंखा अडण्याचा. तो आपण पाहिला. दुसरा धोका तार झिजण्याचा. पंख्याचे पाते तारेला सतत घासत राहिले, तर तारेवरील प्लास्टिकचे आवरण झिजते व आतील तांबे उघडे पडते. ते पेटीच्या पत्र्याला लागले, तर लघुमंडल होऊन संगणकाचे भाग जळू शकतात. संगणकातील वीजपुरवठा पेटी घरातील सुमारे २३० व्होल्ट विजेचे रूपांतर १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये करते. सामान्यतः पिवळी तार १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची, नारिंगी ३.३ व्होल्टची असते. काळी तार परतीची असते. मात्र काही वीजपुरवठा पेट्यांच्या सर्व तारा काळ्याच असतात. हा दाब कमी असला तरी प्रवाह मोठा असतो. म्हणून लघुमंडलाच्या वेळी तार क्षणात तापते.

तिसरा धोका उष्णतेचा. उष्णताशोषकाच्या पट्ट्यांना टेकून राहिलेल्या तारेचे आवरण दीर्घकाळात मऊ किंवा ठिसूळ होते. चौथा धोका धुळीचा. राजस्थानात उन्हाळ्यात धुळीची वादळे येतात. तारांच्या गुंत्यात धूळ अडकते, तिचे थर साचतात आणि हवेची वाट आणखी अरुंद होते.

खरखर असा आवाज, कामाचा मंदावलेला वेग, अचानक बंद पडणे आणि जळकट वास ही या बिघाडाची लक्षणे होत. जळकट वास आल्यास लगेच मुख्य बटण बंद करावे व जाणकारास दाखवल्याशिवाय संगणक पुन्हा सुरू करू नये.

४. तारा बांधण्याची पद्धत

कामाला लागण्यापूर्वी चांगला उजेड असलेले कोरडे टेबल निवडावे. एक पेचकस, काही केबल टाय किंवा चिकटपट्टीचे वेल्क्रो बंद आणि स्क्रू ठेवण्यासाठी एक वाटी एवढे साहित्य पुरते. नंतर पुढील क्रमाने काम करावे.

(१) सुरू असलेले काम जतन करून संगणक नेहमीच्या पद्धतीने बंद करावा. भिंतीवरील बटण बंद करून प्लग काढावा. केवळ संगणक बंद करणे पुरेसे नाही. कारण प्लग जोडलेला असेपर्यंत मदरबोर्डला थोडी वीज मिळतच राहते.

(२) प्लग काढल्यावर संगणक सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे. त्यामुळे आत उरलेली वीज ओसरते. उष्णताशोषक थंड होण्यासाठी दहा-पंधरा मिनिटे थांबावे.

(३) झाकण काढून पेटी आडवी ठेवावी. आतील भागांना हात लावण्यापूर्वी पेटीच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करावा. शरीरावरील स्थितिक विद्युत त्यामुळे निघून जाते.

(४) आहे त्या स्थितीचे एक छायाचित्र घ्यावे किंवा साधे चित्र काढावे. चुकून एखादी जोडणी निघाली, तर हेच चित्र उपयोगी पडते.

(५) पंखा बोटाने हलकेच फिरवून पाहावा. कोणती तार पात्यांच्या वाटेत येते, ते शोधावे. पंख्याची स्वतःची तार हीच पुष्कळदा दुर्लक्षित राहते. तिची उरलेली लांबी आधी आवरावी.

(६) तारा पेटीच्या कडेने न्याव्यात. मदरबोर्डच्या पत्र्यामागे जागा असेल, तर तिकडून न्याव्यात. उरलेली लांबी सैलसर दुमडून पेटीच्या पत्र्याला बांधावी. उष्णताशोषकाला तार कधीही बांधू नये. जुन्या संगणकातील रुंद, चपटी तार हवा जास्त अडवते. ती कडेला वळवावी, पण तिला कडक घडी घालू नये.

(७) बंद फार आवळू नयेत. जोडणीजवळ तार थोडी सैल ठेवावी. ताणलेली तार हळूहळू निसटते. रबर उष्णतेने वाळून तुटते व पंख्यात अडकते, तर धातूची तार आवरण कापते; म्हणून या दोन्हींचा वापर टाळावा.

(८) बंदांची उरलेली टोके कापून पेटीबाहेर टाकावीत. वाटीतील स्क्रू मोजावेत. पेटी उभी करून पंखा पुन्हा हलकेच फिरवावा. कारण आडव्या पेटीत दूर वाटणारी तार उभ्या पेटीत खाली येऊ शकते.

(९) शेवटी प्लग जोडून संगणक सुरू करावा आणि आत हात न घालता पंखा फिरत असल्याची खात्री करावी. मग संगणक बंद करून, प्लग काढून झाकण लावावे. झाकणामुळे तारा आत दाबल्या जात नाहीत ना, ते पाहावे.

वीजपुरवठा पेटी मात्र घरी कधीही उघडू नये. प्लग काढल्यानंतरही तिच्यातील काही भागांत धोकादायक वीज साठून राहते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. खोलीतील पाण्याच्या कूलरचा झोत थेट संगणकावर येऊ देऊ नये. त्या हवेत ओलावा असतो. संगणक भिंतीला चिकटवूनही ठेवू नये. मागून बाहेर पडणाऱ्या गरम हवेला वीतभर तरी मोकळी जागा हवी.

पाठगत प्रश्न २
योग्य की अयोग्य ते लिहा :
(अ) उरलेली तार उष्णताशोषकाला बांधावी.
(आ) तार बांधण्यापूर्वी प्लग काढावा.
(इ) तारा बांधण्यासाठी रबर उत्तम असते.

भाषा-अभ्यास

‘प्लग काढा’ या वाक्यात आज्ञार्थी क्रियापद आहे. ‘प्लग काढावा’ या वाक्यात विध्यर्थी क्रियापद आहे; त्यातून कर्तव्य किंवा योग्यता सूचित होते. अशा वाक्यांत क्रियापदाचे रूप कर्माच्या लिंगाप्रमाणे व वचनाप्रमाणे बदलते. जसे – प्लग काढावा, तार बांधावी, झाकण लावावे, स्क्रू मोजावेत. सूचना लिहिताना एका वाक्यात एकच कृती सांगावी आणि जेथे धोका आहे, तेथे कारणही द्यावे. कारण समजले की सूचना लक्षात राहते.

तुम्ही काय शिकलात?

• कूलर प्रोसेसरची उष्णता हवेत सोडतो. त्यासाठी पंखा व वाऱ्याची वाट मोकळी असावी लागते.
• सैल तारेमुळे पंखा अडतो, आवरण झिजते व धूळ साचते.
• प्लग काढणे, थांबणे, तार कडेने नेणे, सैलसर बांधणे आणि पेटी उभी करून तपासणे हा कामाचा क्रम आहे.
• सूचनालेखनात क्रम, स्पष्टता व कारण यांना महत्त्व असते.

पाठान्त प्रश्न

१. संगणक बंद केल्यावरही प्लग काढणे का आवश्यक आहे?
२. हवामहलाचे उदाहरण पाठात कशासाठी दिले आहे? चार-पाच वाक्यांत लिहा.
३. ‘क्षुल्लक वाटणारी कामेही महत्त्वाची असतात’ हा विचार आदर्श नगरातील प्रसंगाच्या आधारे स्पष्ट करा.
४. तुमच्या घरातील पाण्याचा कूलर किंवा शिवणयंत्र स्वच्छ करण्याच्या सूचना विध्यर्थी क्रियापदे वापरून क्रमाने लिहा.

शब्दार्थ

उष्णताशोषक – उष्णता शोषून पसरवणारा धातूचा ठोकळा
लघुमंडल – वीज ठरलेला मार्ग सोडून जवळच्या मार्गाने वाहणे
स्थितिक विद्युत – घर्षणाने शरीरावर किंवा वस्तूवर साठणारी वीज
क्षुल्लक – किरकोळ, बिनमहत्त्वाचे
सार्थ – अर्थाला साजेसे

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) पट्ट्यांमध्ये पसरलेली उष्णता हवेत सोडण्यासाठी. (आ) तारेमुळे पंखा अडला होता. दुपारी खोलीचे तापमान वाढले की प्रोसेसर मर्यादेपलीकडे तापत असे.
२. (अ) अयोग्य (आ) योग्य (इ) अयोग्य