बेडक्यात जंतू दिसले नाहीत, तरीही...

‘डॉक्टर, बेडक्यात जंतू नाहीत, मग मला क्षय कसा?’ असे रुग्ण मला नेहमी विचारतात. सूक्ष्मदर्शकाखाली क्षयाचे जंतू दिसायला एक मिलिलिटर बेडक्यात ते सुमारे ५ ते १० हजार असावे लागतात. त्याहून कमी असले, तर अहवाल ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो. आजार मात्र वाढतच राहतो आणि घरातल्यांनाही लागण होऊ शकते.

ही उणीव ‘ट्रूनॅट’ तपासणी बरीचशी भरून काढते. गोव्याच्या मोलबायो कंपनीचे हे यंत्र बॅटरीवर चालते, त्यामुळे वीज गेली तरी काम अडत नाही. बेडक्यातील जंतूंचा डीएनए वेगळा काढून त्याचा थेंबाहूनही कमी द्राव छोट्याशा चिपवर सोडतात. तेथे डीएनएच्या असंख्य प्रती तयार होतात, म्हणून मोजके जंतूही सापडतात. साधारण तासाभरात निदान होते. जंतू आढळल्यास रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही, तेही दुसऱ्या चिपवर कळते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये या तपासणीची शिफारस केली.

मात्र नमुना म्हणून नुसती लाळ दिली, तर यंत्र तरी काय करणार? सकाळी चूळ भरावी, दीर्घ श्वास घ्यावा आणि खोल खोकून छातीतला बेडका द्यावा.

दोन आठवडे खोकला, संध्याकाळचा ताप, घटणारे वजन अशी लक्षणे असल्यास सरकारी दवाखाना गाठावा. क्षयाची तपासणी व औषधे तेथे मोफत मिळतात.