ऑडॅसिटी तेच, बटणं वेगळी: विंडोज, मॅक आणि लिनक्सवरचे शॉर्टकट



कवितेची चाल, गोष्टीचं प्रकट वाचन, श्रुतलेखनाचे शब्द असं काही ना काही आपण आता मुलांसाठी रेकॉर्ड करतोच. त्यातला खोकला, कुकरची शिट्टी, मागून जाणाऱ्या लोकलचा भोंगा काढून टाकायला बरेच जण ऑडॅसिटी वापरतात. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू झालेलं हे सॉफ्टवेअर मे २००० मध्ये पहिल्यांदा लोकांसाठी आलं. ते मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. आपली अडचण नेमकी इथूनच सुरू होते. शाळेच्या संगणक कक्षात विंडोज असतं. घरी कोणाकडे मुलाचा किंवा भावाचा मॅक असतो. आणि शिकण्यासाठी आपण आपल्याच पवईच्या आयआयटीचे स्पोकन ट्युटोरियलचे मराठी पाठ लावले, तर त्यात पडद्यावर लिनक्स दिसतं. पाठात सांगितलेलं बटण आपण दाबतो आणि काहीच होत नाही, किंवा भलतंच काहीतरी होतं.

सगळ्यात आधी एक साधी अदलाबदल. विंडोज आणि लिनक्सवर जिथे कंट्रोल, तिथे मॅकवर बहुतेक वेळा कमांड. जिथे आल्ट, तिथे ऑप्शन. मॅकवर कंट्रोल नावाचं बटणही असतं, म्हणून नवीन माणूस हमखास तेच दाबतो. पण मॅकचं कमांड असतं स्पेसबारच्या शेजारी, म्हणजे विंडोजच्या कीबोर्डवर आल्ट असतं त्या जागी. त्यामुळे करंगळीची सवय मोडून अंगठ्याची लावावी लागते. एवढं जमलं की कापणं, चिकटवणं, सेव्ह करणं, मागे जाणं ही नेहमीची कामं मार्गी लागतात.

खरा घोळ होतो तो जिथे ही अदलाबदल चालत नाही तिथे. काही जोड्या संगणकाने स्वतःसाठी आधीच राखून ठेवलेल्या असतात, मग ऑडॅसिटीला दुसरं बटण शोधावं लागतं.

तिसरीच्या श्रुतलेखनाचं उदाहरण घ्या. वीस शब्द एका दमात रेकॉर्ड केले. आता प्रत्येक शब्दाची वेगळी फाइल हवी आहे, म्हणजे वर्गात कोणताही शब्द परत ऐकवता येईल. यासाठी आवाज वाजत असतानाच प्रत्येक शब्दाच्या सुरुवातीला खूण, म्हणजे लेबल टाकत जायचं आणि शेवटी लेबलांप्रमाणे वेगवेगळ्या फाइली एक्सपोर्ट करायच्या. फार छान सोय आहे ही, जरूर वापरा. विंडोज आणि लिनक्सवर वाजत्या जागी लेबल टाकायला कंट्रोल एम. मॅकवर अदलाबदल करून कमांड एम दाबलं की अख्खी खिडकी सर्रकन खाली डॉकमध्ये जाऊन बसते! आवाज चालूच राहतो, शब्द पुढे जात राहतात, लेबल एकही पडत नाही. कारण कमांड एम ही मॅकची स्वतःची, खिडकी खाली ठेवायची आज्ञा आहे. तिथे लेबलसाठी कमांड आणि टिंब, म्हणजे पूर्णविरामाचं बटण दाबायचं.

दुसरी गोष्ट यापेक्षा गंभीर आहे, कारण तिथे काम कायमचं जाऊ शकतं. एक पाऊल मागे जायला तिन्हीकडे झेड आहे, विंडोज-लिनक्सवर कंट्रोलसोबत आणि मॅकवर कमांडसोबत. पण जास्त मागे गेलो आणि परत पुढे यायचं असेल, म्हणजे रिडू करायचं असेल, तर विंडोजवर कंट्रोल वाय. लिनक्सवर कंट्रोल शिफ्ट झेड आणि मॅकवर कमांड शिफ्ट झेड. विंडोजची सवय असलेला माणूस मॅकवर वाय दाबतो, काही होत नाही, तो वैतागून पुन्हा काहीतरी कापतो. झालं. नवीन बदल केला की पुढे यायचा रस्ता पुसला जातो आणि अर्ध्या तासाची साफसफाई पुन्हा करावी लागते. म्हणून रिडू चाललं नाही तर हात कीबोर्डवरून उचला. व्ह्यू मेनूत हिस्टरी आहे, तिथे केलेली सगळी पावलं ओळीने दिसतात. हवं ते पाऊल निवडा.

बटण चाललं नाही म्हणजे दोष दर वेळी मॅक-विंडोजचाच असतो असंही नाही हं. लेबलमध्ये नाव टाईप करून ते तसंच उघडं राहिलं असेल तर स्पेसबार दाबल्यावर आवाज वाजत नाही, नावात रिकामी जागा पडते. रेकॉर्डिंगसाठी आर दाबलं तर नावात आर उमटतो. एंटर दाबून लेबल बंद करा. लेबलं मराठीत लिहिली असतील तर कीबोर्डची भाषा परत इंग्रजी केली का तेही बघा. आवाज वाजत किंवा रेकॉर्ड होत असताना कापाकापीच्या आज्ञा मेनूत फिकट दिसतात आणि चालत नाहीत, आधी थांबवा. एफ वन, एफ टू वगैरे बटणांना मॅकवर आणि पुष्कळ लॅपटॉपवर सोबत एफएन दाबावं लागतं.

कोणी म्हणेल, एवढं कशाला, माउस आहे ना? आहे, ज्याला पडदा दिसतो त्याच्यासाठी. आपले काही शिक्षक आणि पालक दृष्टिहीन आहेत, आणि त्यांच्यातले कितीतरी जण आवाजाचं काम आपल्यापेक्षा सफाईने करतात. विंडोजवर एनव्हीडीए आणि मॅकवर व्हॉइसओव्हर हे पडदा वाचून दाखवणारे प्रोग्रॅम वापरून ते फक्त कीबोर्डवर काम करतात. आपण ग्रुपवर 'तिकडे क्लिक करा' एवढंच लिहून पाठवलं तर त्यांच्या ते काहीच उपयोगाचं नाही. नुसतं 'कंट्रोल एम दाबा' लिहिलं तर मॅकवाले अडकतात. त्यामुळे सूचना लिहिताना आज्ञेचं नाव आधी द्या, बटण नंतर द्या आणि ते कोणत्या संगणकावरचं ते स्पष्ट लिहा. नाव कळलं की मेनूत ती आज्ञा सापडते आणि तिच्या उजव्या बाजूला त्याच संगणकावरचं बटण छापलेलं असतं. माझ्या मते पाठ करायच्या तक्त्यांपेक्षा ही सवय शंभर पटीने बरी. ते तक्ते कोणत्या आवृत्तीचे असतात कोण जाणे.

दोन्हीकडे काम करणाऱ्यांनी एकदा बसून बटणं सारखी करून घ्यावीत. विंडोजवर कंट्रोल पी दाबा; इथे त्याने प्रिंट होत नाही, प्रेफरन्सेस उघडतात. मॅकवर कमांड आणि स्वल्पविराम. त्यात कीबोर्ड किंवा शॉर्टकट्स असा भाग असतो. तिथे आज्ञा शोधून नवीन बटण देता येतं, आणि ते आधीच वापरात असेल तर ऑडॅसिटी तसं सांगतं. मॅकवर रिडूला कमांड वाय द्या. लेबलच्या बाबतीत मात्र उलट करा: मॅकच्या कमांड एमशी भांडत बसू नका, विंडोजवरच कंट्रोल टिंब लावा. त्याच जागी एक्सपोर्ट आहे, त्याने सगळी मांडणी एका फाइलमध्ये निघते. ती पेनड्राइव्हवर ठेवा. शाळेतल्या संगणकाची कोणी सफाई केली तर इम्पोर्ट करून दोन मिनिटांत तुमची बटणं परत येतील.