हाडांचे वय आणि दाखल्यावरील वय

महाराष्ट्रातील एखाद्या शाळेचे जुने रजिस्टर उघडले तर १ जून रोजी जन्मलेल्यांची संख्या पाहून नवल वाटावे. यात ग्रहयोग काही नाही. शाळा जूनमध्ये उघडे, घरी जन्माची नोंद नसे, मग मास्तर मुलाला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरावयास सांगत. हात पोचला की सहा वर्षे पूर्ण, तारीख १ जून. आमच्या घरात आजोबा, वडील व आत्या असे तिघे १ जूनचे आहेत. आजीला तर तीही तारीख नाही.

या परीक्षेला आपण हसतो, पण शरीराच्या वाढीवरून वय ओळखावे हाच विचार आजच्या डॉक्टरी तपासणीतही आहे. त्यासाठी डाव्या हाताचे क्ष-किरण चित्र घेतात. मनगटातील आठ लहान हाडे आरंभी कूर्चेची असल्यामुळे चित्रात दिसत नाहीत. ती पुढील दहा-बारा वर्षांत एकेक करून उमटतात. बोटांच्या हाडांच्या टोकाशी कूर्चेची पट्टी असते. वाढ चालू असेपर्यंत ती काळसर रेघेसारखी दिसते, वाढ संपली की हाड सांधून जाते. मुलींमध्ये हे मुलांच्या सुमारे दोन वर्षे आधी घडते.

हे चित्र ताडून पाहण्यासाठी ग्रॉयलिक व पाइल यांचा चित्रसंग्रह अजूनही वापरतात. त्याची दुसरी आवृत्ती १९५९ ची, आणि त्यातील मुले अमेरिकेतील क्लीव्हलंडच्या सुखवस्तू गोऱ्या घरांतील! टॅनर व व्हाइटहाउस यांनी इंग्लंडमध्ये प्रत्येक हाडाला वेगळे गुण देण्याची पद्धत बसवली. पुढे २००९ मध्ये डेन्मार्कमधून 'बोनएक्सपर्ट' ही संगणक-प्रणाली आली. ती हाडांच्या कडा स्वतः आखते आणि वय काढते. चित्र अस्पष्ट असले किंवा हाड विचित्र दिसले तर ती उत्तर देण्याचे नाकारते. हा तिचा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो. आपल्या पुण्यात जहांगीर रुग्णालयाशी संलग्न संशोधन संस्थेतील तज्ज्ञांनी भारतीय मुलांच्या बाबतीत डॉक्टरांचे वाचन व संगणकाचे वाचन ताडून पाहिले व २०२२ मध्ये ते प्रसिद्ध केले.

दोन डॉक्टर एकच चित्र पाहून वेगळे वय सांगू शकतात. संगणक शंभरदा विचारले तरी एकच सांगेल. परंतु मंडईतल्या तराजूला पासंग असला तर तोही दर वेळी तेच वजन दाखवतो. उत्तर न बदलणे आणि उत्तर बरोबर असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

हाड परिपक्वता सांगते, तारीख नव्हे. अर्धपोटी मुलाची हाडे मागे राहतात, थायरॉइडची कमतरता असली तरी तसेच होते. लठ्ठ मुलाची पुढे धावतात. वाढीच्या डॉक्टरला नेमका हा फरकच हवा असतो. जन्मतारीख ठाऊक आहे, हाडांचे वय दोन वर्षे मागे आहे, तर उपचाराची दिशा कळते. न्यायालयात मात्र गाडी उलटी चालवतात: तारीख ठाऊक नाही, म्हणून ती हाडांना विचारायची.

२०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा दाखला, तो नसल्यास नगरपालिका वा पंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. (पहिल्या क्रमांकाच्या दाखल्यात मास्तरांचा १ जूनही येतो, हे गमतीचेच.) मग तपासणीपर्यंत कोण पोचतो? जो शाळेत गेला नाही आणि ज्याचा जन्म कुणी नोंदवला नाही, असा ऊसतोडीच्या किंवा वीटभट्टीच्या तळावरचा मुलगा. क्लीव्हलंडच्या मुलांपासून सर्वांत दूरचा तोच.

सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये जयमाला खटल्यात अशा वयात दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक संभवते असे म्हटले आहे. म्हणजे अहवालात सतरा असेल तर मुलगा पंधराचा असेल किंवा एकोणीसचा. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो, सोळाच्या आत नाही. शिवाय अठराच्या सुमारास बहुतेकांचे मनगट सांधून गेलेले असते. त्यानंतर अठरा आणि बावीस यांचे चित्र सारखेच दिसते. तेथे डॉक्टर मनगट सोडून हासळीच्या हाडाचे छातीकडील टोक पाहतात, कारण ते विशी उलटल्यावर सांधते.