ड्रायव्हर आहे, तरी वायफाय मुके का?

प्रश्न : लॅपटॉपवर लिनक्स टाकले. ड्रायव्हर आहे, पण ‘फर्मवेअर सापडले नाही’ असा संदेश येतो. ही वेगळी फाइल कशाला?

उत्तर : कारण इथे प्रोसेसर दोन आहेत. ड्रायव्हर मुख्य प्रोसेसरवर चालतो, फर्मवेअर वायफाय कार्डावरच्या छोट्या प्रोसेसरवर. अनेक कार्डांत ते कायम साठवायची सोयच नसते. असते ती रॅम, आणि वीज गेली की ती कोरी. म्हणून ड्रायव्हर कर्नलकडे फाइल नावाने मागतो, कर्नल ती डिस्कवरच्या ‘फर्मवेअर’ फोल्डरातून वाचून देतो, मग ड्रायव्हर ती कार्डाच्या रॅममध्ये उतरवून तिथला प्रोसेसर सुरू करतो. फाइलच नसेल तर निर्दोष ड्रायव्हरही हतबल. हव्या त्या फाइलचे नाव कर्नलच्या नोंदींत (‘डीमेसेज’ आज्ञा) सहसा मिळते. मोबाइलचे इंटरनेट यूएसबीने जोडून तिचे पॅकेज टाका.

मुक्त प्रणालीत ही बंदिस्त फाइल का घ्यावी, हा आक्षेप रास्त आहे. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ती बरीच वर्षे नव्हती. तिच्या विकासकांच्या 2022 च्या मतदानानंतर, 2023 च्या आवृत्ती 12 पासून ती आली. मला तो निर्णय योग्य वाटतो. हाच कोड कार्डाच्या चिपमध्ये कोरला असता तर तो मुक्त झाला नसता, फक्त नजरेआड गेला असता. फाइल निदान दिसते, बदलता येते, सुरक्षेची दुरुस्ती पुढच्या वेळी कार्ड सुरू होताना लागू होते. खरी तक्रार वेगळी हवी : अनेक उपकरणे निर्मात्याची डिजिटल सही नसलेले फर्मवेअर नाकारतात, मग मालकाच्या हाती काय उरते?