ई-स्कूटर उन्हात चार्ज होईना

प्रश्न : मे महिन्यात भर दुपारी नगरहून राहुरीला आलो, की ई-स्कूटर चार्जच होत नाही. बॅटरी गेली का?

उत्तर : बहुधा नाही. लिथियम सेल साधारण 45 अंशांपुढे तापलेले असताना चार्ज केले तर लवकर झिजतात. म्हणून बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे बीएमएस, चार्जिंग रोखते. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये नको, झाडाखाली तासभर निवू द्या. पाणी ओतू नका. रात्रीही चार्ज झाली नाही, तर मात्र चार्जर आणि तापमानाचा सेन्सर अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये तपासा. बीएमएस ‘बायपास’ करून देतो म्हणणाऱ्याला बॅटरीला हातही लावू देऊ नका. 2022 मध्ये स्कूटरना आगी लागल्यावर एआयएस-156 हे बॅटरी-सुरक्षेचे निकष कडक झाले.